फॉर्मवर शिक्षण, नोकरी, लग्न विचारतात, ते उपचार ठरवायला का?

मधली_बहीण

पहिल्यांदाच धागा काढतेय, विस्कळीत वाटलं तर समजून घ्या.

धाकटा भाऊ २९ वर्षांचा. सहा वर्षं झाली हेरॉइनला. सुरुवातीला पन्नीवर ओढायचा, गेली दोन वर्षं सुई. इलेक्ट्रिशियन आहे, कारखान्यात कायम रात्रपाळी. दोनदा दाखल करून 'काढलं'. एकदा बारा दिवस, एकदा एकवीस. दोन्ही वेळा घरी आला तेव्हा गाल भरलेले, आई खूश, आणि दोन्ही वेळा दीड महिन्याच्या आत परत सुरू. दुसऱ्या वेळी बाथरूमचं दार फोडावं लागलं. ओठ निळे पडले होते.

आता नवीन क्लिनिक गाठलंय. तिथे आधी चार पानी फॉर्म. शिक्षण किती, नोकरी कसली, पाळी कोणती, कोणासोबत राहता, लग्न झालंय का, पोलीस केस आहे का, पहिल्यांदा कितव्या वर्षी घेतलं, आधी कुठे उपचार झाले. आई माझ्या खांद्यावरून वाचत होती. तिने मला 'पदवीधर'वर खूण करायला लावली. त्याने शेवटच्या वर्षाची परीक्षा दिलेलीच नाही. पण आईला वाटलं, शिकलेला दिसला तर चांगलं औषध देतील.

मग डॉक्टरांनी पर्याय सांगितले. रोज क्लिनिकमध्ये येऊन नर्ससमोर प्यायचं मेथाडोन. जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी. महिन्यातून एकदा नाल्ट्रेक्सोनचं इंजेक्शन. किंवा काही महिने केंद्रात राहणं. म्हणाले, घरी बोला आणि या.

घरी बोललो म्हणजे भांडलो. बाबांना इंजेक्शन हवंय, 'एकदा टोचलं की महिनाभर डोक्याला ताप नाही' म्हणून. आईला तो वर्षभर कुठेतरी लांब राहायला हवाय. भाऊ म्हणतो मेथाडोन, कारण त्याचा एक मित्र त्यावर टिकलाय. आणि मी, खरं सांगायचं तर, मनातल्या मनात ब्युप्रेनॉर्फिन ठरवून बसले होते. कुठेतरी वाचलेलं की नोकरीवाल्या, घरदार असलेल्या लोकांना ते देतात आणि मेथाडोन रस्त्यावरच्यांना. लिहितानाच लाज वाटतेय.

तर प्रश्न असा, माणसाची पार्श्वभूमी बघून उपचार ठरतात का? की आम्ही उगाच फॉर्मला घाबरतोय?

सरळसोट

एक नशा सोडायला दुसरी नशा, हे गणित मला कधीच कळलं नाही. मेथाडोन काय, ती गोळी काय, दोन्ही अफूच्याच जातीची. सहा महिने सगळ्यांपासून तोडा, मोबाइल काढून घ्या, आपोआप ताळ्यावर येईल. माझ्या माहितीतले दोघे असेच सुटले. पार्श्वभूमी वगैरे सब झूट, मनात असेल तर सुटतं.

खिडकीआतून

मधली_बहीण, मी नर्स आहे. अकरा वर्षं डोस द्यायच्या खिडकीआत उभी राहते. डॉक्टर नाही, तेव्हा तुमच्या भावाला काय द्यावं ते मी सांगणार नाही. पण कोण कोणत्या रांगेत उभं राहतं हे रोज बघते, त्यावर बोलू शकते. लांबलचक होईल.

आधी फॉर्म. त्यात तीन जातीचे प्रश्न एकत्र कालवलेले असतात. काहींवर जीव अवलंबून असतो: झोपेच्या गोळ्या, दारू, लिव्हर, हृदयाचा त्रास, गरोदरपण, टीबीचं औषध चालू आहे का (रिफॅम्पिसिन चालू असेल तर मेथाडोन शरीरातून भराभर जातं आणि चांगला टिकलेला माणूस अचानक टर्कीत, म्हणजे नशा तुटल्याच्या त्रासात जातो), शेवटचं केव्हा घेतलं. काही प्रश्न तुमच्या दिवसाबद्दल असतात: पाळी, घर किती लांब, लहान मुलं आहेत का, गोळ्या घरी ठेवल्या तर त्या कोणाच्या हाती लागतील. आणि काही निव्वळ वरच्या ऑफिसच्या तक्त्यांसाठी. शिक्षण बहुतेक त्या तिसऱ्या जातीत. आईंना सांगा, पदवीने डोस एका मिलीग्रामने हलत नाही.

आता तुमची ती 'लाज वाटणारी' समजूत. ती हवेतून आलेली नाही. न्यूयॉर्कमध्ये हे अभ्यासून लिहिलं गेलंय: ब्युप्रेनॉर्फिन गोऱ्या, बऱ्या उत्पन्नाच्या वस्त्यांत जास्त जातं, मेथाडोन गरीब, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांत. पण याचं कारण औषधात शोधू नका. मेथाडोन तिथे १९६०च्या दशकात सुरू झालं आणि पुढे नियमांनी ठरावीक क्लिनिकांतच बांधलं गेलं. रोज या, रांगेत उभे राहा, समोर प्या. ब्युप्रेनॉर्फिनला या आजारासाठी २००२ साली परवानगी मिळाली, आणि थोडं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर ते आपल्या दवाखान्यातून लिहून देऊ लागला. ज्याच्याकडे विमा आणि खासगी डॉक्टर, तो तिकडे गेला. बाकीचे रांगेत राहिले. उलट फ्रान्समध्ये १९९६पासून साधे फॅमिली डॉक्टर ब्युप्रेनॉर्फिन लिहून देतात, तर तिथे उपचारावरच्या बहुसंख्य लोकांचं औषध तेच आहे, त्यात गरीबही आले. म्हणजे 'शिकलेल्यांचं औषध' ही रांगेची गोष्ट आहे, मेंदूची नाही.

दुसरी गंमत (गंमत कसली म्हणा) केंद्रांची. इंग्लंडमध्ये १९९५ला मोठा अभ्यास सुरू झाला, ५४ ठिकाणचे १,०७५ लोक. काही दाखल झालेले, काही निवासी केंद्रात, काही मेथाडोनवर. निवासी ठिकाणी आलेल्यांचे प्रश्न सगळ्यात गुंतागुंतीचे निघाले. साहजिकच आहे, ज्याचं बाहेर सगळं मोडलंय तो आत राहायला जातो. म्हणून कोणी 'केंद्रातले जास्त पडतात' किंवा 'मेथाडोनवालेच बरे' असं सरळ सांगायला लागलं की मी आधी विचारते, तिथे गेलं कोण होतं? माणसं चिठ्ठ्या टाकून वाटलेली नसतात. ती आपली आपली वाट धरून आलेली असतात.

सरळसोट, तुमच्यासाठी एक अभ्यास, ज्यात खरंच चिठ्ठ्या टाकून वाटलं होतं. स्वीडन, २००३. हेरॉइनचे ४० जण. २० जणांना वर्षभर ब्युप्रेनॉर्फिन, २० जणांना सहा दिवसांत उतरवत आणून पुढे साखरेची गोळी. समुपदेशन, गटात बसणं, लघवीची तपासणी दोघांनाही सारखीच. वर्षअखेर पहिल्या गटातले १५ टिकून होते. दुसऱ्या गटातला एकही नाही, आणि त्यातले चौघे मेलेले. मनात त्यांच्याही असणारच, नाहीतर आले कशाला? तुमचे दोघे सुटले याचा आनंद आहे. न सुटलेले आपल्याला भेटत नाहीत एवढंच.

आणि धागाकर्तीने दार फोडल्याचं लिहिलंय तिथे माझा हात थांबला. 'काढल्या'नंतरचे आठवडे सगळ्यात वाईट. अंगाची सवय गेलेली असते आणि हात मात्र जुन्याच मापाने घेतो. लंडनमध्ये दाखल करून काढलेल्या १३७ जणांचा मागोवा घेतला होता. पहिल्या चार महिन्यांत ओव्हरडोसने तिघे गेले, आणि तिघेही त्या ३७ जणांतले ज्यांची सवय पूर्ण उतरली होती. म्हणजे कार्यक्रम अर्धवट टाकून पळालेले नव्हेत. हे मी नवीन नातेवाइकांना सांगते तेव्हा ते माझ्याकडे रागाने बघतात.

बाबांच्या इंजेक्शनबद्दल. नाल्ट्रेक्सोन कुलूप लावतं, वर हेरॉइन घेतलं तरी चढत नाही. काहींना ते उत्तम बसतं: आधीच काही आठवडे हेरॉइनशिवाय राहिलेला, तुरुंगातून किंवा केंद्रातून निघालेला, किंवा ज्याच्या कामावर अफूजन्य औषध अजिबात चालत नाही असा. पण सुरू करायला आधी सात ते दहा दिवस पूर्ण कोरडं राहावं लागतं. ५७० लोकांवरची अमेरिकेतली एक चाचणी २०१८ला आली. नाल्ट्रेक्सोनच्या वाट्याला आलेल्यांपैकी २८ टक्क्यांना पहिलं इंजेक्शनसुद्धा घेता आलं नाही, ब्युप्रेनॉर्फिनकडे हेच ६ टक्के. ज्यांना सुरू करता आलं त्यांच्यात पुढे दोन्ही जवळपास बरोबरीत. म्हणजे अडचण उंबरठ्यावरच आहे. शिवाय महिन्याचं इंजेक्शन चुकलं की तीच उतरलेली सवय आणि तीच सुई. डोक्याचा ताप जात नाही हो, महिनाभर पुढे जातो.

आता तुमच्या भावाचा दिवस. माझी खिडकी आठला उघडते. रात्रपाळीवाले सव्वाआठच्या सुमारास येतात, डोळे लाल. ते जागरणाने की कशाने हे ओळखायला मला दोन वर्षं लागली. मेथाडोन हळूहळू चढवतात. पहिल्या दिवशी साधारण ३० मिलीग्रामच्या वर जात नाहीत आणि बऱ्याच जणांचा टिकणारा डोस ६० ते १२०च्या मध्ये कुठेतरी सापडतो. ते अंगात साठत जातं, म्हणून पहिले दोन आठवडे आम्ही प्रत्येकाला बोलतं करून, डोळे बघून मगच कप पुढे करतो. भाऊ शिडीवर चढून वायरी जोडत असेल तर ते दोन आठवडे कोणतं काम करायचं हे आधीच डॉक्टरांशी बोला. ब्युप्रेनॉर्फिनचं उलट आहे. ते ठरावीक मर्यादेपुढे चढत नाही, म्हणून श्वास बंद पडायची भीती कमी. पण हेरॉइन अंगात असताना घेतलं तर तेच त्याला ढकलून बाहेर काढतं आणि क्षणात टर्की. निदान बारा तास थांबून, अंगात कळा सुरू झाल्यावरच पहिली गोळी. ती विरघळायला पाच-दहा मिनिटं, तेवढा वेळ समोर गप्प बसायचं. मी 'जीभ वर' म्हणते तेव्हा पन्नाशीचे बाप्ये शाळेतल्या पोरांसारखे बघतात.

माझ्याकडे एक गृहस्थ यायचे, मुलीला शाळेत सोडून. तीन महिने नीट, मग गायब. परत आले तेव्हा कळलं, शाळा बदलली होती आणि नव्या शाळेची वेळ खिडकीच्या वेळेवर पडत होती. फॉर्मवर त्यांचं सगळं 'चांगलं' होतं: नोकरी, लग्न, घर. पडले कशावर, तर घड्याळावर. बायकांचं तर आणखी. मुळात कमी येतात, उशिरा येतात, आणि बऱ्याच केंद्रांत मुलांना घेऊन राहता येत नाही. 'मग मुलं कोणाकडे ठेवू' यावर तिथेच विषय संपतो. गरोदर असेल तर झटक्यात काढायचं नसतं, मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिनवर ठेवतात. पण हे माहीत नसल्याने ती 'आधी सोडते, मग येते' म्हणत सातव्या महिन्यात उगवते.

(अवांतर: रांगेत कोणी ओळखीचं दिसेल या भीतीने जितकी माणसं उपचार सोडून गेली तितकी चवीने गेली नाहीत. मेथाडोनची चव भयंकर असते.)

तुमच्या भावाच्या कागदावर मी बघेन तर शिक्षण नाही बघणार. दोनदा काढून दोनदा पडला, सुई आहे, एकदा ओव्हरडोस झालाय. अशाला तिसऱ्यांदा नुसतं 'काढायला' पाठवू नये असं मला वाटतं, आणि डॉक्टरांनी ते पर्यायात ठेवलेलं नाही हे चांगलं लक्षण. मेथाडोन की ब्युप्रेनॉर्फिन यात त्याचं म्हणणं जड धरा. रोज उभं त्याला राहायचंय. आणि घरी नॅलॉक्सोन (ओव्हरडोस उलटवणारं औषध, नाल्ट्रेक्सोन नव्हे) ठेवा, कसं वापरायचं ते क्लिनिकमध्येच शिकून घ्या. ते आजच.

साडेनऊ

खिडकीआतूनला +१. ताई, मी पलीकडच्या बाजूचा. बंद होऊन साडेनऊ वर्षं झाली. त्यातली पहिली चार मेथाडोनवर, म्हणजे काहींच्या हिशेबाने साडेपाचच. ज्या गटात बसायचो तिथे मेथाडोनवाल्याला 'क्लीन' धरत नसत. मिटिंगमध्ये बोलायचं नाही, फक्त ऐकायचं. मी दोन वर्षं त्यांना सांगितलंच नाही की सकाळी कप पिऊन आलोय.

आमच्या घरी वडील शिक्षक. मला केंद्रात घालायचा निर्णय वडिलांच्या नावासाठी झाला, माझ्यासाठी नाही. केंद्र वाईट नव्हतं. पण तिथे मी सगळ्यांना आवडेल असा वागलो, सहा महिने उत्तम अभिनय केला आणि बाहेर आल्यावर नवव्या दिवशी घेतलं.

फॉर्मबद्दल एक सांगायचंय. आयुष्यात पाच फॉर्म भरले, पाचही खोटे. वय, पत्ता, किती घेतो, सगळं. त्यातलं बरंचसं खोटं कोणाला बाधलं नाही. एक सोडून. 'इतर गोळ्या' या रकान्यात मी 'नाही' लिहिलं होतं. खरं म्हणजे झोपेसाठी रोज अल्प्राझोलम चालू होतं, कधी चार कधी सहा. ते लिहिलं तर मेथाडोन देणार नाहीत असं कोणीतरी रांगेत सांगितलेलं. चौथ्या दिवशी डोस वाढवला, रात्री माझ्या बायकोला माझं घोरणं विचित्र वाटलं म्हणून मी आज टाइप करतोय. ते घोरणं नव्हतं, श्वास अडकत होता. नंतर डॉक्टर म्हणाले, लिहिलं असतंस तरी दिलंच असतं, फक्त हळू चढवलं असतं.

तेव्हा पदवीचं राहू द्या. त्याला एकट्याला, आई नसताना, हा एक रकाना परत विचारा.

मधली_बहीण

खिडकीआतून, साडेनऊ, तुमचं दोन-दोनदा वाचलं. बाबांनाही वाचायला दिलं. स्वीडनच्या चौघांपाशी ते थांबले आणि चष्मा काढून ठेवला. बोलले काही नाहीत.

एक विचारायचंय. दोन-तीन दिवस जाता आलं नाही तर? पाळीत कधी कधी सलग सोळा तास थांबवतात.

खिडकीआतून

एक दिवस चुकला तर बहुधा नेहमीचाच डोस, पण आधी माणूस कसा दिसतोय ते बघून. लागोपाठ तीन दिवस चुकले तर मेथाडोन जुन्या मापाने देत नाहीत, डॉक्टर परत तपासून कमी करतात. चिडू नका तेव्हा, लोक खिडकीवर हात आपटतात. आणि कामावरून येताना मधल्या दिवसांत बाहेरून काही घेतलं असेल तर खिडकीत स्पष्ट सांगायचं. आम्ही ओरडत नाही. (मी कधी कधी ओरडते.) ब्युप्रेनॉर्फिन या बाबतीत जरा मऊ आहे, टिकलेल्या माणसाला काही दिवसांच्या गोळ्या घरीही देतात. पाळीचं वेळापत्रक छापील मिळत असेल तर ते सोबत न्या. शंभर शब्द बोलण्यापेक्षा तो कागद डॉक्टरांना जास्त सांगतो.

सरळसोट

मी लिहिलं ते मागे घेत नाही, पण तो स्वीडनचा अभ्यास शोधून वाचला. एवढा लहान असूनही फरक मोठाच आहे. माझ्या दोघांपैकी एकाशी आज फोनवर बोललो. म्हणाला, पहिलं वर्ष तो गुपचूप गोळी घेत होता. मला आज कळतंय.

मधली_बहीण

अपडेट. परवा जाऊन आलो. साडेनऊ यांनी सांगितलं तसं आईला बाहेर बसवलं. मी फॉर्म त्याच्याकडे सरकवला आणि खिडकीबाहेर बघत राहिले. त्याने 'इतर गोळ्या'समोरचं 'नाही' खोडलं आणि लिहिलं, अल्प्राझोलम, रोज तीन, रात्रपाळीहून आल्यावर झोपायला. कधीपासून या रकान्यात दीड वर्ष. आम्ही एका घरात राहतो.

मग पेन माझ्याकडे देताना म्हणाला, 'पदवीधर'पण काढ.

डॉक्टर शांतपणे वाचत होते. मेथाडोनही देऊ शकतो म्हणाले, पण या गोळ्या आणि वरती शिडीचं काम बघता आधी ब्युप्रेनॉर्फिन बघू, नाहीच बसलं तर बदलू. झोपेच्या गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत, त्या फिट येऊ नये म्हणून हळूहळू कमी करत नेणार. भावाने मित्राचं नाव घेऊन पाच मिनिटं वाद घातला आणि मग स्वतःच हो म्हणाला. म्हणजे शेवटी मी मनात धरलेलंच औषध निघालं, पण माझ्या कारणाने नाही. पाळीचा कागद खरंच कामी आला, बुधवारी सुट्टी पडतेय ते त्यातच दिसलं. नॅलॉक्सोन घरी आणलंय, बाबाही वापरायला शिकले.

मंगळवारी संध्याकाळपासून काही घ्यायचं नाहीये, बुधवारी सकाळी पहिली गोळी. ती एक रात्र घरात काढायची आहे. काय तयारी ठेवू?

साडेनऊ

दोन पांघरुणं, एक घामाने भिजणार. बादली. पाणी थोडं थोडं. पाय आपटेल, आपटू द्या. पहाटे तीनला म्हणेल की आता बरं वाटतंय, जरा खाली जाऊन येतो. तेव्हा सोबत चपला घालून निघा, अडवत बसू नका, दहा मिनिटं चालवून परत आणा. प्रश्न विचारू नका, आणि आईंना त्या रात्री दुसऱ्या खोलीत झोपवा.

बाथरूमची कडी आजच काढून ठेवा.